ठिपक्यांच्या रेघेवर

लग्नकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही नोकरीला होता म्हणे, काय काम होतं?" तर मी सांगते, "मिक्सरच्या खोक्यात एक पुस्तिका येते ना, तसलं लिहायचे." खरं तर मी मिक्सरचं कधीच लिहिलं नाही. कॉम्प्युटरचे प्रोग्राम कसे वापरायचे, त्याची पुस्तकं लिहिली, आणि तीही ज्यांनी माऊसला पहिल्यांदा हात लावलाय अशा लोकांसाठी. पण मिक्सर म्हटलं की लोकांना लगेच कळतं. माझ्या नांदेडच्या नणंदबाई तर म्हणाल्या होत्या, "वहिनी, ती पुस्तिका लई कामाची. मी डब्याच्या बुडाला घालते, डबा गंजत न्हाई." मला राग आला नाही. उदगीरच्या एका ऑफिसात माझं पुस्तक मी टेबलाच्या आखूड पायाखाली पाहिलेलं आहे, आणि टेबल अजिबात हलत नव्हतं.

या धंद्यात मी ठरवून आले नाही. नांदेडला मी टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायचे. टायपिंग शिकवणाऱ्याचा एकच मंत्र असतो: नजर कागदावर, बोटं बटणांवर. समोरच्या उताऱ्यात जे आहे तेच उतरवायचं. उताऱ्यात वाक्य चुकीचं असेल तर तेही चुकीचंच उतरवायचं. मुलं शहाणपणा करून वाक्य सुधारायची आणि परीक्षेत मार्क गमवायची. मी पट्टी आपटून सांगायचे, "तुम्हाला कुणी विचारलंय का? आहे तसं मारा." ही सवय माझ्या हाडात इतकी भिनली होती की पुढे तिनेच मला तोंडावर पाडलं. ते ओघात येईलच.

नवऱ्याची बदली लातूरला झाली आणि मी कामाच्या शोधात सलीमभाईंकडे पोचले. पेंडीच्या दुकानावर दोन खोल्या, त्यात चार कॉम्प्युटर आणि सलीमभाई. शाळा, दवाखाने, वाचनालयं, असल्या छोट्या ठिकाणांसाठी ते मराठीतून प्रोग्राम करून द्यायचे. माणूस हुशार आणि दिलदार, पण लिहायला बसला की गोंधळ. मला म्हणाले, "जाधव मॅडम, तुमचं मराठी टायपिंग चांगलंय. एवढं पुस्तक टाइप करून द्या." मी बसले आणि दुसऱ्याच पानावर अडले. पहिल्या पानावर त्यांनी एका बटणाला "सेव्ह" म्हटलं होतं, दुसऱ्यावर "जतन करा" आणि तिसऱ्यावर "साठवा". मी विचारलं, "ही तीन बटणं आहेत का?"

"नाही हो, एकच आहे."

"मग तीन नावं कशाला?"

"सारखं सारखं एकच लिहिलं तर वाचणाऱ्याला कंटाळा येईल ना."

मी म्हणाले, "भाई, वाचणारा कादंबरी वाचत नाहीये. तो घाबरलेला आहे. त्याला तीन बटणं शोधायला लावू नका." सलीमभाईंनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मग तुम्हीच लिहा." अशी माझी नेमणूक झाली. टाइप करायला आलेली बाई लिहायला बसली.

बाहेरच्यांना वाटतं यात काय लिहायचं? हे दाबा, ते दाबा. पण नव्या माणसासाठी लिहायला बसलं की कळतं, आपण कागदावर जी चिन्हं सहज टाकतो त्यांचा अर्थ त्याला कुणीच सांगितलेला नसतो. आम्ही पहिल्या पुस्तकात छापलं होतं, "छपाईसाठी कंट्रोल + पी दाबा." मुरुडच्या एका शाळेतल्या क्लार्कचा फोन आला.

"मॅडम, अक्षरं फुगायलीत."

"फुगायलीत म्हणजे?"

"म्हंजे मोठी व्हायलीत. दाबलं की मोठी, दाबलं की मोठी. मगा साठ पोरं दिसायली होती, आता एकच पोरगं मावायलंय स्क्रीनवर."

मी अर्धा तास डोकं फोडलं. मग त्यांना म्हणाले, तुम्ही नेमकं काय काय दाबताय ते एकेक बोला. ते बोलले. आधी कंट्रोल, त्याच्यासोबत अधिकचं बटण, ती दोन्ही सोडायची आणि मग पी. कंट्रोल आणि अधिक एकत्र दाबलं की अक्षरं मोठी होतात, हे मला त्या दिवशी त्यांच्याकडून कळलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आम्ही अधिक छापलं, त्यांनी अधिक दाबलं. त्या अधिकच्या चिन्हाचा अर्थ "दोन्ही एकत्र" असा आहे, हे त्यांना कुणी सांगायचं?

त्या फोननंतर मी एक कागद केला. त्यात चार खुणा. चौकटीत लिहिलेलं असेल ते बटण, ते दाबायचं. जाड अक्षरात असेल ते स्क्रीनवर दिसेल, ते फक्त शोधायचं. अवतरणचिन्हांत असेल ते जसंच्या तसं टाइप करायचं, कानामात्राही बदलायचा नाही. आणि ठिपक्यांच्या रेघेवर असेल तिथे तुमचं स्वतःचं लिहायचं: तुमचं नाव, तुमचं गाव, तुमचा आकडा. ठिपक्यांची रेघ मी शाळेच्या दाखल्याच्या अर्जावरून उचलली. आपल्याकडे अंगठा देणाऱ्या माणसालाही ठाऊक असतं की ठिपके दिसले म्हणजे तिथे आपलं काहीतरी भरायचंय. अधिकचं चिन्ह मी हद्दपार केलं. त्याच्या जागी "कंट्रोल धरून ठेवा, न सोडता पी दाबा" असं लांबलचक वाक्य आलं, ते आजतागायत आहे.

हा कागद प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापायचा आणि शेवटच्या पानापर्यंत पाळायचा, एवढंच माझं काम. एवढंच म्हणते खरी, पण दीडशे पानांत एका खुणेचा एकच अर्थ सांभाळणं म्हणजे भरल्या घरात दीडशे पाहुण्यांच्या चपला जोडीने लावून ठेवण्यासारखं आहे. सलीमभाई माझी चेष्टा करायचे. "मॅडम ठिपके मोजायल्यात, आवाज करू नका," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मला ते आवडायचं. लातूरच्या त्या दोन खोल्यांत खुणांच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा होता आणि त्याचा मला गर्व होता, हे कबूल करते.

आता शोभाताईंकडे येते.

चाकूरला शेतकऱ्यांच्या एका संस्थेने बियाणं तपासणी केंद्र काढलं होतं. आपल्या भागात पुष्कळजण सोयाबीनचं घरचंच बी राखून पेरतात. ते उगवेल की नाही हे पेरणीआधी तपासून घ्यावं लागतं. पद्धत सोपी आहे. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. आठवड्याभराने उलगडून किती दाण्यांना चांगले कोंब आले ते मोजायचं. शंभरात सत्तर उगवले तर बी पेरायला ठीक. त्याखाली असेल तर विचार करायला हवा. केंद्राने सलीमभाईंकडून प्रोग्राम करून घेतला. लावलेले दाणे किती, उगवलेले किती, एवढं भरलं की तो टक्केवारी काढायचा आणि शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी छापायचा. चिठ्ठीवर तळाशी ठळक अक्षरांत "पेरणीस योग्य" किंवा "पेरणीस अयोग्य".

ते चालवायला शोभाताई होत्या. चाळिशीच्या, अहमदपूरला टायपिंग शिकलेल्या, नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच घराबाहेर कामाला लागलेल्या. दोन मुली शाळेत. लातूरला आमच्याकडे तीन दिवसांच्या शिकवणीला आल्या तेव्हा पिशवीतून वही, दोन पेनं आणि पुस्तकाला घालायला वर्तमानपत्र घेऊन आल्या होत्या. पुस्तक हातात पडल्याबरोबर आधी त्याला कव्हर घातलं, मग उघडलं.

दुसऱ्या दिवशी एक प्रसंग घडला. नवा हंगाम सुरू करताना प्रोग्राम एक शब्द टाइप करायला सांगायचा. चुकून कुणी जुना हंगाम बंद करू नये म्हणून ती सोय होती. पुस्तकात अवतरणांत छापलं होतं, "नवाहंगाम". सलग, मध्ये जागा न सोडता. शोभाताईंनी "नवीन हंगाम" टाइप केलं. प्रोग्राम हलेना. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. खोलीत आणखी आठ जण बसलेले होते. माझ्यातली टायपिंगची बाई जागी झाली. मी टेबलावर हात आपटून म्हणाले, "शोभाताई, पुस्तकात काय लिहिलंय? अवतरणात असेल ते जसंच्या तसं. तुम्हाला कुणी डोकं चालवायला सांगितलंय? डोकं चालवू नका!"

सगळे हसले. शोभाताईही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी वही उघडून काहीतरी लिहून घेतलं. मी पुढच्या पानाकडे वळले.

त्यानंतरच्या मे महिन्यात केंद्राच्या सचिवांचा सलीमभाईंना फोन आला. बिराजदार त्यांचं नाव, आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागे. "तुमी शिकवलेली बाई येडी हाय का ओ? बासष्ट चिठ्ठ्या चुकीच्या फाडल्यात तिनं! लोकं अंगावर यायलेत. सोमवारपासून तिला घरी बसवायलोय मी."

झालं होतं असं. एका शेतकऱ्याच्या, नरहरीकाकांच्या चिठ्ठीवर "उगवण ४१ टक्के, पेरणीस अयोग्य" असं छापून आलं. काका घरी गेले. काकूंनी चिठ्ठी ऐकली आणि म्हणाल्या, असं कसं होईल, बी माझ्या हातचं आहे. त्यांनी धोतराच्या ओल्या फडक्यात वीस दाणे बांधून ठेवले. सतरा उगवले. काका ते फडकं तसंच हातात घेऊन केंद्रावर हजर झाले आणि बिराजदारांच्या टेबलावर उलगडलं. मग बाकीच्या चिठ्ठ्या तपासल्या तर आठ दिवसांतल्या बासष्टच्या बासष्ट "अयोग्य".

सलीमभाईंनी फोन ठेवून मला विचारलं, "मॅडम, आपल्या पुस्तकात तर काही नाही ना?"

"काही नाही," मी म्हणाले. "पण जाऊन बघते." इतकी माझी खात्री होती.

चाकूरच्या एसटीत बसले आणि वेळ जावा म्हणून पुस्तक उघडलं. एकोणिसाव्या पानावर "नमुन्याची नोंद" हे प्रकरण होतं. त्यात माझ्याच शब्दांत छापलेलं होतं: लावलेले दाणे या जागी "१००" टाइप करा. शंभर हा आकडा अवतरणांत होता.

तिथे ठिपक्यांची रेघ हवी होती. केंद्रात जितके दाणे लावले असतील तितका आकडा, म्हणजे ज्याचा त्याने भरायचा. आधीच्या अठरा पानांत मी रेघच वापरली होती. पण या प्रकरणात आकडे पुष्कळ होते, आणि छापखान्यातून आलेल्या कच्च्या प्रतीत आकड्यांखालचे ठिपके फासल्यासारखे दिसत होते. अवतरणं नीटनेटकी दिसत होती. फक्त या एका प्रकरणापुरतं, असं स्वतःशी म्हणत मी रेघा काढून अवतरणं घातली. छान दिसावं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं, आणि आज इतक्या वर्षांनीही मला दुसरं कारण सापडलेलं नाही.

शंभर दाणे लावले जात होते तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आकडा जुळत होता. पण मे महिन्यात गर्दी झाली. गोणपाट कमी पडलं, सावलीची जागा कमी पडली. म्हणून केंद्राने प्रत्येक नमुन्याचे शंभराऐवजी पन्नास दाणे लावायला सुरुवात केली. पन्नासातले एकेचाळीस उगवले म्हणजे ब्याऐंशी टक्के, उत्तम बी. पण लावलेले दाणे शंभर असं भरलं की तेच बी एकेचाळीस टक्क्यांचं होतं.

चाकूर येईपर्यंत मी ते पान पंधरा वेळा वाचलं असेल. आणि खरं सांगते, मनात येऊन गेलं की हे कुणाच्याही लक्षात येणार नाही. बिराजदारांनी पुस्तक उघडलेलंही नसणार. कुणीही म्हणेल, पन्नास लावले तर पन्नास लिहायला काय झालं होतं बाईला? एवढं साधं कळू नये? मी नुसती मान हलवली असती तरी प्रकरण मिटलं असतं. शोभाताई घरी बसल्या असत्या आणि खुणांच्या बाबतीत माझा शब्द शेवटचाच राहिला असता.

केंद्रात गेले. बिराजदार आत कुणाशी तरी बोलत होते. शोभाताई खुर्चीत न बसता भिंतीला टेकून उभ्या होत्या. डोळे सुजलेले. मला बघून म्हणाल्या, "मॅडम, माझंच चुकलं असंल. तुमी कशाला उन्हाचं आलाव?"

त्यांच्या कॉम्प्युटरच्या मागे भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. माझ्या चार खुणा, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात उतरवलेल्या. प्रत्येक खूण वेगळ्या रंगाच्या पेनने. आणि खाली लाल पेनने एक ओळ, दोनदा अधोरेखित: "डोकं चालवायचं न्हाई."

मी ती ओळ वाचली. मग विचारलं, "शोभाताई, दाणे पन्नास लावले होते ना? मग शंभर का भरलं?"

"पुस्तकात अवतरणात हाय की, मॅडम. मला पयल्या दिवशी वाटलं होतं, पन्नास लिवावं. हात बी गेला होता. पन मग म्हनलं, नगं. मशीनच्या मनात काय हिशोब असंल आपल्याला काय ठावं? मागं एकदा डोकं चालवलं तर चुकलं होतं माझं."

मला रडू आलं. पन्नाशीची बाई परक्या ऑफिसात उभी राहून रडते हे काही बरं दिसत नाही, पण आलं.

बिराजदार बाहेर आले. मी त्यांच्यासमोर एकोणिसावं पान आणि पहिलं पान शेजारी शेजारी धरलं आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी दोन्ही पानांवर बोट ठेवून खुणा जुळवून बघितल्या.

"म्हंजे बाईनं चूक केली न्हाई म्हन्ताव?"

"नाही. त्यांनी पुस्तकात होतं तेच केलं. चूक मी केली."

"मंग घरी तुमाला बसवावं का?"

"बसवा."

"कसं बसवू? तुमी कुटं आमच्याकडं कामाला हाव?" ते म्हणाले आणि त्यांना हसू फुटलं. मग आवाज चढवून आत ओरडले, "शोभाबाईला च्या सांगा रं! आन् मॅडमला बी!" सोमवारचा विषय तिथेच संपला.

पण बासष्ट माणसांच्या हातात चुकीच्या चिठ्ठ्या होत्या. मला वाटलं सगळे नमुने पुन्हा लावावे लागणार, म्हणजे आणखी आठवडा. तेव्हा शोभाताईंनी ड्रॉवरमधून वही काढली. लातूरला आणली होती तीच. त्यात रोजच्या रोज, नाव, गाव, लावलेले पन्नास, उगवलेले इतके, असं स्वच्छ लिहून ठेवलं होतं. मी म्हणाले, "अहो, हे कुणी सांगितलं लिहायला?"

"कुनी न्हाई. मशीन आपलं त्याचं त्याचं करतंय. म्हनलं आपलं आपल्यापाशी असावं."

त्या वहीने आम्हाला तारलं. दुपारभर मी आकडे वाचत गेले आणि त्या भरत गेल्या, या वेळी पन्नास. बासष्टपैकी त्रेपन्न नमुने "योग्य" निघाले. मग दोन दिवस आम्ही दोघी फोन करत बसलो. बहुतेकांनी बी अजून विकलं नव्हतं, पेरणीला अवकाश होता. कुणी शिव्या दिल्या, कुणी म्हणालं, आम्हाला ठाऊकच होतं. नरहरीकाकांना फोन लावला तर काकूंनी घेतला आणि म्हणाल्या, "मी तर आदीच सांगितलं होतं. कॉम्प्युटरला काय दान्यातलं कळतंय?"

एकीला मात्र उशीर झाला. कलावतीबाई म्हणून एक होत्या, एकट्या शेती बघायच्या. चिठ्ठी वाचून त्यांनी दुसऱ्याच दिवशी ते बी बाजारात सोयाबीन म्हणून घातलं होतं. मी फोनवर माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी राहू द्या बाई. तीन वर्सं निवडून निवडून धरलेलं बी होतं ते." आणि फोन ठेवला. नरहरीकाकांनी पुढे आपल्यातलं थोडं बी त्यांना पेरायला दिलं, असं शोभाताईंकडून कळलं. पण त्यांचं ते बी गेलंच. माझ्या सगळ्या कामात एवढी एक गोष्ट अशी आहे की जिची दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत करता आली नाही.

लातूरला परतल्यावर मी सलीमभाईंना सांगितलं की इथून पुढे कोणतंही पुस्तक छापायला जाण्याआधी शोभाताई वाचतील. ते म्हणाले, "त्यांना कॉम्प्युटरमधलं काय कळतं?" मी म्हणाले, "म्हणूनच."

तेव्हापासून कच्ची प्रत चाकूरला जायची. आधी एसटीच्या पार्सलने, नंतर मोबाईलवर. शोभाताई एकेक ओळ वाचून तसंतसं करून बघायच्या. कुठे खूण बदललेली दिसली, कुठे एका बटणाला दुसरं नाव पडलेलं दिसलं, की फोन करायच्या आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारायच्या: "मॅडम, हितं लिवलंय तसं करू, का डोकं चालवू?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी ओशाळले. पुढे पुढे आम्ही दोघी हसायचो. एकदा एका वाचनालयाच्या पुस्तकात त्यांनी सात ठिकाणी हा प्रश्न विचारला आणि सातही ठिकाणी चूक माझी होती. सलीमभाई म्हणाले, "मॅडम, आता ठिपके मोजणारी दुसरी आली." खुणांच्या बाबतीतला शेवटचा शब्द चाकूरला गेला होता आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

भिंतीवरच्या कागदावरची ती लाल ओळ मी पुढच्या खेपेला गेले तेव्हा माझ्या हाताने खोडली. शोभाताई म्हणाल्या, "राहू द्या की, अक्षर चांगलं आलंय." तरी खोडली.

आता मी निवृत्त होऊन नांदेडला असते. पुस्तकं कुणी छापत नाही. लोक मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकतात आणि त्यात काही वाईट नाही. सलीमभाईंचं ऑफिस पेंडीच्या दुकानावरून मोठ्या इमारतीत गेलं. त्यांच्या प्रोग्रामच्या आतच आता मदतीची पानं असतात, आणि ती पानं शोभाताई चाकूरला बसून तपासतात. त्यांची थोरली मुलगी लातूरला शिकते. परवा मी सहज एक पान उघडून बघितलं. चौकट, जाड अक्षर, अवतरण, ठिपक्यांची रेघ. चारही आपापल्या जागी होती. मला फार बरं वाटलं.

हा लेख लिहून झाला तेव्हा सवयीने मी तो आधी शोभाताईंना पाठवला. दोन दिवसांनी परत आला. सगळीकडे "बरोबर" अशी खूण होती. फक्त एका वाक्याखाली त्यांनी पेनने ठिपक्यांची रेघ ओढली होती. शिकवणीच्या दुसऱ्या दिवसाचा प्रसंग आहे ना, तिथलं ते वाक्य. आता वर तुम्ही वाचलंत ते नव्हे, त्याच्याआधी मी लिहिलेलं. तिथे असं होतं: "मी शोभाताईंना शांतपणे समजावून सांगितलं."

मी फोन केला. "शोभाताई, ही रेघ कशाला?"

"रेघंचा अर्थ तुमीच शिकवलाय की, मॅडम," त्या म्हणाल्या. "तितं तुमचं स्वतःचं लिवा."

मी लिहिलं.